ला

टिमकीच्या मराठी शाळेत पराते बाई
विभक्ती पाठ करून घेत:
स, ला, ते. स, ला, ना, ते.
आणि शाळेच्या आधी, फजर उलटून गेल्यावर,
मोमिनपुऱ्याच्या मकतबात हाफिजजी,
छडी समोर ठेवलेली, कधीच न उचललेली:
ला इलाहा इल्लल्लाह.
मी सात वर्षांची. दोन्ही ‘ला’ एकाच दप्तरात.

एकदा बाईंनी विचारलं,
‘ला’ म्हणजे काय गं, कुलसुम?
उभी राहून म्हणाले, नाही.
नाही काय? येत नाही?
येते ना बाई. ‘ला’ म्हणजेच ‘नाही’.
वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत. त्याही मागवाल्यांच्याच घरच्या;
खिडकीबाहेर खटक-खटक चालू होती,
तिकडे कान देऊन म्हणाल्या,
तुझ्या घरी नाही. माझ्याकडे ‘कोणाला’.
बस खाली.

अब्बा तुटलेला धागा जोडताना
दुसरं टोक ओठांत धरत.
आत जीभ चालूच असे.
म्हणून बघा,
ला इलाहा इल्लल्लाह,
ओठाला ओठ कुठेच लागत नाही.
पण मुहम्मद म्हणायला ओठ मिटावे लागतात.
तेव्हा ते धागा काढून बोटाला गुंडाळत,
मगच नाव घेत,
उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसे.

मी विचारलं होतं, अब्बा,
ईमानाची सुरुवात ‘नाही’नं का होते?
म्हणाले, भरल्या मागावर नवा ताणा चढतो का?
एवढंच. आणि पुढचा पाय दाबला.

मला ते कळलं हातमाग विकल्यावर,
अब्बा हाजी शेठच्या पॉवरलूमवर जायला लागल्यावर.
नत्थू पौनीकरचा पंजा पट्ट्यात गेला त्या रात्री
शेठ स्वतः घरी आले, अत्तर लावून.
लिहून दे, तो पिऊन होता.
अब्बा म्हणाले, तो पीत नाही.
शेठ म्हणाले, अरे, आपण एकाच कलम्याचे.
अब्बा म्हणाले,
म्हणूनच.

कलमा म्हणजे गवाही, हे मला कुणी शिकवलं नाही.
त्या हिवाळ्यात अब्बा कॉटन मार्केटात
संत्र्यांच्या पेट्या ठोकत होते,
घरी येत तेव्हा हातांना सालीचा वास,
आणि अम्मी त्या वासावर चिडे,
आणि जेवायला वाढे.

मेयोत नेलं तेव्हा मे महिना.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसतीच गरम हवा फिरे.
उईके सिस्टरनं ओला फडका कपाळावर ठेवला
आणि मामूंना म्हणाली, म्हणा तुमचं, मी थांबते.
मामू कानाशी वाकले.
अब्बांची जीभ टाळूला लागली.
ला,
आणि तिथेच.

बाहेर जैबुन खालानं विचारलं,
पूर्ण झाला ना गं कलमा?
‘हो’ म्हणणं किती सोपं होतं.
पण मी त्यांची मुलगी.
म्हटलं, ‘ला’पर्यंत.
खाला भिंतीला टेकून रडायला लागली,
नकारावर गेला बिचारा, नकारावर गेला.

मामू म्हणाले, नियत पूर्ण होती, अल्लाह जाणतो.
मी मान हलवली.
रात्रभर मात्र तो एकच अक्षर
दाराशी उभा असल्यासारखा.

पहाटे गुसलचं पाणी तापत होतं
आणि मला पराते बाई आठवल्या,
फळ्यावरची त्यांची तिरपी रेघ.
प्रत्यय कधी एकटा येत नाही, पोरींनो.
नाव आधी असतं.
तो मागून येऊन चिकटतो.

नाव आधी असतं.
चौऱ्याहत्तर वर्षं घेतलेलं,
धागा तोंडातून काढून, बोटाला गुंडाळून.

विचारा बाई आता.
मी उभी आहे.