पोटखराबा

चौतीस वर्षं मी सेलू तालुक्यातल्या जमिनी मोजल्या.
आधी साखळी ओढली, मग मशीन आलं.
बांधावरच्या भांडणात दोन्हीकडचा चहा प्यालो,
आणि जिथे काही पिकत नाही,
नाला, खडक, मसणवटीची कड,
तिथे एकच शब्द लिहिला: पोटखराबा.

आता निवृत्त. घरामागे दहा बाय बारा.
मोगरे तीन, वांग्यांच्या दोन ओळी, कढीपत्ता एक.
हातात खुरपं आणि वैरी ठरलेला:
लाल देठाची, जाड पानांची,
जमिनीला पोट टेकून पसरणारी ती.
आमच्याकडे तिला चिघळ म्हणतात,
माझ्या सासुरवाडीला घोळ.
एका नावात जखम, दुसऱ्यात गोंधळ.
इतकी नावं तर सुनेलाही कुणी ठेवत नाही.

मी उपटायचो, कंपाउंडच्या भिंतीवर फेकायचो.
मार्चचं ऊन, भिंत हात लावू देत नव्हती.
आठ दिवसांनी पाहिलं तर मुळं हवेत,
आणि बाईनं तिथेच पिवळी फुलं काढून
एवढ्याशा करंड्यांची टोपणं उडवून
काळं बी सांडलेलं,
माझ्याच वाफ्यात.

भिंतीपलीकडून हुरमतबी म्हणाल्या,
"भाईसाब, फेकते कायकू? इदर डालो ना."
मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून,
"कुल्फा हाय तो. सकाळी खुडला तर आंबट,
दिवस बुडताना खुडला तर आंबट उतरतंय.
डाळीत टाकायचा तर पहाटचा घ्या.
चिंच वाचती."

मी हसलो.
पण मोजून पाहायची खोड जात नाही.
दोन वाट्या केल्या: सकाळी सहाची, संध्याकाळी सहाची.
सकाळची हिनं तोंडात टाकली
आणि एक डोळा मिटला.
संध्याकाळची चावून म्हणाली, ही काय, काकडीच की.

कृषी खात्यातल्या साडूला विचारलं.
तो म्हणाला, उन्हाळा फार झाला की
ती दिवसा दारं लावून बसते,
अंगातलं पाणी उडू नये म्हणून श्वाससुद्धा धरते.
रात्री उघडते, रात्रभर साठवते.
त्याचीच आंबटाई पहाटे पानात असते.

मी काही बोललो नाही.
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो,
रात्री अडीचला.
तेव्हा सगळी दारं सताड उघडी,
मोटारी घरघरतात, घागरीवर घागर आपटते,
बायका भांडतात, हसतात,
कुणीतरी कुणाच्या तरी आजारी मुलाचं विचारतं.
आणि ऊन चढलं की गल्ली अशी मिटते
जसं इथे कुणी राहतच नाही.

मे महिन्यात दोन मोगरे करपले,
ज्यांच्या बुडाशी मी माती लख्ख ठेवली होती.
तिसरा कुंपणाकडचा.
कंबर धरल्यानं तिथवर माझं खुरपं पोचलं नव्हतं.
तो तिच्यात घोट्यापर्यंत उभा.
मी पानांखाली बोट खुपसलं.
माती ओली नव्हती, खोटं कशाला लिहू,
पण गार होती.

आता उपटत नाही, खुडतो.
एक जुडी भिंतीवर ठेवतो, मुळं न उपटता,
तिकडून कधी वाटीभर डाळ येते, लसणाच्या फोडणीची.

खुडताना मात्र एक बाई आठवते.
कुठलं गाव, कुठला गट नंबर, विसरलो.
नाल्याच्या कडेला उकिडवी बसलेली,
ओच्यात काहीतरी भरत.
साखळी तिच्या पायाशी आली तेव्हा मी विचारलं,
"काय आहे इथं?"
तिनं ओचा सावरून घट्ट धरला,
साहेबाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली,
"काईच नाई जी."

मी तसंच लिहिलं,
आणि खाली सही केली.