पावती पुस्तक क्रमांक सदतीस

हेमांगी पावसे आमच्या बर्फाच्या कारखान्यात
दोन हंगाम पावत्या फाडायला होती.
पहाटे तीन ते सकाळी नऊ, पगार साडेचार हजार.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही,
म्हणजे कोणी विचारलेलंही नाही.
परवा पुण्याहून एक पत्रकार आला हर्णैला,
तो सुवर्णदुर्गाचे फोटो काढून गेला.

त्या दोन हंगामांचा हिशोब जुळला नाही.
चारशे अठरा ते चारशे एकतीस गायब,
पुढेही अधूनमधून दात पडल्यासारखे नंबर.
ऑडिटर म्हणाला, भाटकर, एवढ्या लाद्या गेल्या कुठे?
म्हटलं, वितळल्या.
काझीशेठ हसला, म्हणून निभावलं.

लाद्या जागच्या जागीच होत्या.
बोटींची रांग सरली की
पोरगी कॉम्प्रेसरच्या घरघरीवर टेबल वाजवायची.
म्हणायची, काका, हे यंत्र रोज एकाच सुरात रडतं.
मी म्हणायचो, अमोनिया गळत नाही ना, तेवढं बघ.
मग ‘मालाचा तपशील’ या रकान्यात
ती काहीतरी लिहायची,
टर्रकन फाडून ओढणीच्या गाठीत.

गिटार दापोलीच्या एका कॉलेजच्या पोराकडून घेतलेली,
एक तार नव्हती.
तिथे तिने मामाच्या जाळ्यातली तंगूस ताणली.
त्या तारेचा आवाज ओला यायचा.
ऐकणाऱ्याला वाटायचं, हिला सर्दी झालीय.

शनिवारी कर्द्याच्या हॉटेलात गायची.
लोक सुरमई सोलत फर्माइश करायचे
दुसऱ्यांच्या गाण्यांची.
एकदा वीज गेली, माइक मेला,
आणि अंधारात तिने स्वतःचं म्हटलं.
ते कोणाच्या तरी मोबाइलात गेलं:
एक मेणबत्ती, अर्धा चेहरा,
मागून वेटरची हाक, ‘दोन सोलकढी!’
तेवढंच सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.
आता म्हणे तिकीट आठशे रुपये,
आणि त्या जागेवर आले की हजार माणसं
एका आवाजात सोलकढी मागतात.

गाणं तुम्हाला पाठ असेल.
*बंदरा, तुझ्या दिव्यात आता तेल कोण भरतं?*
लिलावात कोणाचा तरी फोन वाजतो त्याच ओळीने,
पापलेटची बोली क्षणभर अडते,
मग वाढते.
समुद्राचं गाणं आहे, म्हणतात.
असेल.

पण पावती फाडली तरी खाली कार्बन असतो.
पोरीला ते सुचलं नाही, किंवा सुचलंही असेल.
लिहिताना फार जोर द्यायची ती,
खोडताना नाही.
चारशे बावीसची नक्कल माझ्याकडे आहे,
निळी, जरा फिस्कटलेली,
रेघेखालचं सगळं वाचता येतं:
*बाबा, तुझ्या डब्यात आता भात कोण भरतं?*

तिचा बाप बुडाला नाही.
वेरावळच्या बोटीवर गेला, तिकडेच राहिला,
दुसरं घर केलं.
पाजपंढरीत हे सगळ्यांना माहीत आहे,
म्हणूनच कोणी बोलत नाही.
बुडालेल्याचं निदान श्राद्ध घालता येतं.

सदतीस नंबरचं पुस्तक मी घरी नेलं,
गेली चार वर्षं तांदळाच्या डब्यामागे आहे.
चोरीच म्हणायची तर म्हणा.

शिमग्याला ती आली, भाड्याच्या गाडीतून,
केस कापलेले. मी ओळखलं ते चालण्यावरून.
जुन्या खुर्चीला हात लावला, बसली नाही.
काका, लादी कितीला झाली?
म्हटलं, डिझेल वाढलं, तुला माहीतच आहे.
आईच्या टोपल्यांसाठी एक द्या, म्हणाली,
पैसे मोजून ठेवले, सुटे.

तोंडाशी आलं होतं माझ्या.
ती मीटरकडे बघत होती, घरघर ऐकत,
आणि बोटं तशीच टेबलावर.

मी पावती लिहिली: बर्फ, एक लादी.
तिने घडी घातली, ओढणी नव्हती,
म्हणून नुसतीच मुठीत धरून ती गेली.
कार्बन मी घातला नव्हता.