उलटं बटण

नरडाणा फाट्यावर, पंपाच्या जरा पुढे,
गाडी चालू, एसी चालू, किल्ली आत लोंबतेय,
मी चाकातली हवा बघायला उतरलो, कुंदा पाणी घ्यायला,
आणि चारही दारं एका दमात म्हणाली
खट्.

आत मागच्या सीटवर सासूबाई.
आम्ही काचेवर बोटं वाजवतोय, खुंटी दाखवतोय,
वर ओढा, वर!
त्यांना वाटलं, निरोप घेतोय.
त्यांनीही हात हलवला.
मे महिन्याच्या दुपारी त्या एकट्याच गारव्यात
आणि डांबर आमच्या चपला धरून ठेवतंय.

मग त्यांना समजलं. खुंटी ओढलीही.
मी हँडलला हात लावेस्तोवर
पुन्हा खट्.
नऊ वेळा. कुंदाने मोजलंय, अजून सांगत असते.
दहाव्यांदा दार बोटभर मोकळं झालं
आणि तिने फटीत पाण्याची बाटली घातली.

धुळ्याचा इद्रिस पिंजारी म्हणाला, सर,
एवढंसं बटण सुटं नाही मिळत.
अख्खी पट्टी घ्यावी लागेल, काचांसकट सगळी बटणं,
तीही भंगारात कुठे निघाली तर.
गाडी दोन हजार एकची.
पण मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये
सत्तावीस वर्षं पोरांनी जाळलेले स्विच घासलेत.
म्हटलं, बघू.

शिरपूर. रविवार. अंगण.
दाराचं अस्तर तीन स्क्रूंवर आहे असं वाटतं,
चौथा हाताच्या खोबणीत, टोपणाखाली दडून असतो.
तो सापडेपर्यंत एक क्लिप मोडली,
अडकित्त्यात सुपारी मोडावी तशी.
आत कपाशीच्या वावरांतली काळी धूळ,
चोपड्याच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागे खाल्लेली,
आणि ती अशी बसलेली की जणू
तिच्यासाठीच दार केलं होतं.

बटण उघडलं.
नखाएवढी तांब्याची पट्टी, मधोमध टेकू,
एक टोक खाली गेलं की दुसरं वर.
एका टोकाला काजळी.
म्हणजे हेच. म्हणजे इतकंच.
ठिणगी रोज चिमूटभर खात राहते
आणि एके दिवशी, कोणी हात न लावता,
ते आपलं आपण ठरवू लागतं.

तेवढ्यात स्प्रिंग उडाली.
ज्वारीच्या दाण्याहून बारीक, गेली सरळ
शेजारच्या बायजाक्काच्या खाटेवर,
जिथे धोतराच्या पानावर ओल्या बिबड्या पसरलेल्या.
मी उठू लागलो तर ती ओरडली, हालू नको!
मग एकेका बिबडीवरून बोट फिरवत गेली,
खडा शोधावा तशी, डोळे मिटून.
सातवी. की आठवी.
"हाई तुनं शे का?
कसाले उनं हाई मना बिबडास्मा?"

स्प्रिंगला पीठ चिकटलेलं.
ते मी पेट्रोलने धुतलं, तिला आवडलं नाही.

पॉलिश पेपरचा तुकडा, कापसाचं बोळं,
तांबं पुन्हा तांब्यासारखं दिसेपर्यंत.
जोडलं, बसवलं, उरलेल्या क्लिपा ठोकल्या.
कुलुपाचं चित्र दाबलं,
चारही दारं उघडली.
उघड्या कुलुपाचं दाबलं,
चारही बंद.
पुन्हा करून पाहिलं. तसंच.
पट्टी उलटी बसली होती.

सरळ करायचं तर सगळं परत काढा,
क्लिपा आणखी मोडा.
कुंदा म्हणाली, आपोआप होत नाही ना?
नाही.
मग राहू द्या.

आता कोणाला गाडी दिली
तर किल्लीबरोबर एवढं सांगतो:
उघडायचं असेल तर बंद दाबा.
लोक मान हलवतात, आणि पहिल्यांदा चुकतातच.

परवा सासूबाईंना नंदुरबारला सोडलं.
त्या उतरल्या, दार लागलं,
मी सवयीने दाबलं, खट्,
आणि काचेतून हात हलवला.
त्या पुढे आल्या, वाकल्या,
काचेवर बोट वाजवून मला खुंटी दाखवू लागल्या,
वर, वर!
मस्करी की काळजी,
काचेतून कळलं नाही.