इतर

पोटासाठी कोणी कर्ज काढतं, कोणी दुसऱ्याचे दात काढतं,
आमची आई चौकटी काढायची.

गुलूमध्ये, बाजारामागच्या पत्र्याच्या लांब खोलीत
चाळीस पडदे रात्रभर जळायचे,
आणि प्रत्येक पडद्यावर कुठल्यातरी लांबच्या शहराचा रस्ता.
माणूस दिसला की लाल चौकट.
सायकलला निळी. कुत्र्याला पिवळी.
तिकडे म्हणे बिनचालकाच्या गाड्या येणार होत्या
आणि त्यांना अजून माणूस ओळखता येत नव्हता.
आई शिकवत होती. चित्रामागे काही शिलिंग.

बर्फ तिने तिथेच पहिल्यांदा पाहिला.
"तिकडची पोरं पोत्यांसारखी दिसतात गं," म्हणाली,
"नाक दिसलं तरच कळतं की आत कोणी आहे.
एकीचा हातमोजा पडला होता. पुढच्या चित्रात बघते, तर तसाच."
त्या हातमोज्याबद्दल ती कितीतरी दिवस बोलत होती.

ती झोपायची तेव्हा उजाडलेलं असायचं.
मी ज्वारीची पेज ढवळायची, दहा वर्षांची,
आणि ओकेनी, सात वर्षांचा,
पिवळा डबा घेऊन मोठा रस्ता ओलांडायचा.
पलीकडे हातपंप, मध्ये जुबाकडे जाणारे ट्रक.
येताना डबा डोक्यावर. मान आत गेलेली.
दोन्ही हात वर, म्हणून नाक पुसता यायचं नाही.
फी थकली की शाळा आम्हाला घरी पाठवायची.
त्याला तेच बरं वाटायचं, दुसरी खेप सावकाश आणता यायची.

एकदा एका ट्रकने त्याला चाटून नेलं.
डबा फुटला. कोपर फुटलं.
तो डब्यासाठी रडला.

त्या रात्री आईने साहेबाला विचारलं,
डोक्यावर पाण्याचा डबा असलेलं मूल
कुठल्या रंगात घालायचं?
यादी वरपासून खालपर्यंत पाहिली दोघांनी.
बाबागाडी होती. घोडा होता. बर्फाचा माणूससुद्धा होता,
त्याला माणसात धरू नये अशी सूचना होती.
"आपल्याला अशी चित्रं येत नाहीत, लामारो,"
साहेब म्हणाला. वाईट नव्हता तो.
"आलंच तर 'इतर'मध्ये टाक."

आईने आम्हाला हे हसत सांगितलं.
मग काही दिवस घरात तेच नाव पडलं त्याचं.
इतर, पेज पी. इतर, पाय धू.
आणि ओकेनी खुशीत ओ द्यायचा,
कारण शाळेत त्याच्या नावाचे आणखी तिघे होते
आणि इतर तो एकटाच.

कंत्राट संपलं. पडदे ट्रकमध्ये चढवून नेले.
आई आता तीळ विकते. डोळ्यांतून पाणी येतं तिच्या,
धुरामुळे, असं ती म्हणते.

परवा घरी गेले. माझ्या हातात फोन,
ओकेनी रस्त्यापलीकडून येत होता,
ताडमाड झालाय, डबा अजून डोक्यावर.
म्हटलं, थांब तिथेच, फोटो काढते.
पडद्यावर एक बारीक चौकट उगवली,
आधी डब्यावर बसली,
मग भिंतीवरच्या डागावर,
मग घुटमळत त्याच्या कपाळाशी आली.

"आई, बघ," मी ओरडले, "ओळखलं!"

आईने तीळ पाखडणं थांबवलं नाही.
"सैल आहे," ती म्हणाली.
"कान बाहेर राहिलाय. आमच्या वेळी
अशा चौकटीचे पैसे कापायचे."