विरळणी

पिंगळीच्या शिवारात, कालव्याच्या पाळीवर
माझे सत्तावीस वाफे.
नऊ पाच सेंटिमीटरचे, नऊ दहाचे, नऊ पंधराचे.
दर वाफ्याला बांबूची खुंटी,
खुंटीला पत्र्याचा नंबर,
आणि हातात शाळेपासूनची पट्टी
जिचा शून्य झिजून गेलाय.

सोजरबाई पट्टीला हात लावत नाही.
पाचाला तीन बोटं,
दहाला मूठ आणि वर एक बोट,
पंधराला मूठ आणि ताठ अंगठा.
मी मागून मोजत जाते
तिचं कुठं चुकतंय बघायला.
पहिल्या दिवशी दोनदा मोजलं.
दुसऱ्या दिवशी पट्टी खोचून ठेवली वेणीत.

पंचविसाव्या दिवशी विरळणी.
बडीशेपेसारखी पानं, एकमेकींच्या अंगावर उगवलेली.
कोणतं ठेवायचं
हे एकाही प्रबंधात लिहिलेलं नाही.
मी रोपापाशी थांबते, पुढं जाते, परत येते.

"काहून बघत बसायलीस माय?
थोराड उपटू नको, बारकं ठिवू नको.
बरोबरीचे दोन असले
तर तुझ्या हाताजवळचं काढ."
तिच्या ओट्यात हिरवा ढीग.
रातच्याला भाजी, लसूण घालून.

अकराव्या वाफ्यावर, पाठ सरळ करताना, कुणी न विचारता:
"आमी सहा भैनी. एका वाकळंखाली.
म्या सगळ्यात बारकी."
आणि वाकली
बाराव्यावर.

काळ्या रानात गाजर सरळ जात नाही.
ढेकळाशी अडतं, फाटे फोडतं, माणसासारखे पाय काढतं.
एकशे दोन दिवसांनी खणलं तेव्हा
पंधराची गाजरं मनगटाएवढी, काही तडकलेली,
पण टोपलं लवकर उचललं गेलं.
पाचाची करंगळीएवढी;
टोपली मात्र दोघींनी धरावी लागली.
परभणीचा व्यापारी म्हणाला, ही बारीक कोण घेतंय,
ही जाड बी नको,
ती मधली द्या.
माझे नऊ रकाने
त्याला एका नजरेत पाठ होते.

एकोणिसाव्यात एका जागी दोन निघाली.
एकमेकींना पीळ घालून,
दोरखंड वळावा तशी.
"म्या चुकले इथं," सोजरबाई म्हणाली,
आणि हसली, पहिल्यांदाच, तोंडावर पदर न घेता.
सरांना फोन लावला.
ते म्हणाले, नमुन्यात धरू नका.
तरी काट्यावर ठेवलं: एकशे अठरा ग्रॅम.
लिहिलं समासात, पेन्सिलीनं,
कोणाच्या नावे ते न लिहिता.

पाटाच्या पाण्यात तिनं ते धुतलं.
सोडवून बघितलं, सुटेना.
मग गुडघ्यावर धरून मधोमध मोडलं,
दोन्ही एकदम.
पानांकडचा भाग मला दिला.
शेंड्याकडचा, चिखल राहिलेला, तिनं तोंडात टाकला
आणि विचारलं,
उद्या किती वाजता यायचं.