एन आणि एस

खाली शिवणयंत्रावर पाय चालू असतो,
वर ओठांत यादी:
क्यू आहे पण मागे यू नाही, असे शब्द.
काट. कोफ. सूक. ट्रँक.
गिऱ्हाईक विचारतं, एलोहो, प्रार्थना पुटपुटतेस का?
मी मान डोलावते, बाही टाचत राहते.

अर्थ मला ठाऊक नसतात.
अर्थाला गुण नसतात.
सी-डब्ल्यू-एम ही म्हणे कुठल्याशा थंड मुलखातली दरी.
एकही स्वर नाही तिच्यात,
हाक मारली तर घुमत असेल का, कोण जाणे.
पण पट्टीवर नुसती व्यंजनं साचली
की तीच मला पोटात घेते.
ए-आय हा झाडाला उलटा लटकणारा एक आळशी प्राणी,
ए-ए हा थिजलेला, खडबडीत लाव्हा.
पाहिलेत कुणी? मी नाही.
दोघांच्या जिवावर किती डाव काढलेत मात्र.

आणि कोबो.
आईच्या डब्यात अजून सतरा नाणी आहेत.
उघेलीच्या बाजारात कोबो पडला
तर पोरंसुद्धा वाकत नाहीत.
बोर्डावर मांडा: दहा गुण.
आमचं नाणं आता तिथंच तेवढं चालतं.

त्या शनिवारी शाळेच्या हॉलमधली वीज गेली.
खिडकीशी टेबल ओढून
आम्ही शेवटचा डाव लावला.
समोर पापा ओनोरिओडे,
काचकारखान्यात एकतीस वर्षं भट्टीपाशी उभे राहिलेले;
सोंगट्या पिशवीतून काढतात
त्या अजून गरम असाव्यात अशा, दोन बोटांच्या टोकांनी.

माझ्या हाती आल्या सात.
मी काही ठरवायच्या आत
बोटांनीच पाच ओळीत लावून टाकल्या:
एम, आय, जी, डब्ल्यू, ओ.

मिग्वो.

सकाळी उठल्यावर पहिला शब्द.
थोरांपुढे गुडघे टेकून म्हणायचा.
गुडघे टेकलेत, एवढाच त्याचा अर्थ,
आणि हा अर्थ मला ठाऊक होता.

यादीत तो नाही.
पावणेतीन लाख शब्द,
त्यात उलट्या लटकणाऱ्या प्राण्याला फांदी आहे,
माझ्या गुडघ्यांना वीतभर जमीन नाही.
घड्याळ टिकटिकत होतं माझ्या बाजूचं.
चार मिनिटं मी त्या पाच अक्षरांकडे
नुसती बघत बसले.
मोडवेना.

मग कडेला पडलेले एन आणि एस दिसले.
मोडलं.
मोइंग्ज.
गवत कापणं, तेही अनेकवचनी.
शाळेत उशीर झाला की कोयता हातात देऊन
मैदानावर पाठवायचे आम्हाला.
पाठ सोलून निघायची,
पण त्याला इतकं ऐटदार नाव आहे
हे कुणी सांगितलं नव्हतं.

सातही सोंगट्या, वर पन्नास.
पापांनी आव्हान दिलं नाही.
शांतपणे आकडा लिहिला, खाली रेघ मारली.
नऊ गुणांनी हरले ते.

सोंगट्या पिशवीत भरताना
त्यांचा हात माझ्या शब्दापाशी थांबला.
एन उचलला. एस उचलला.
उरलेल्या पाच त्यांनी
एका बोटानं सरकवत सरकवत
नीट लावल्या,
आणि खिडकीबाहेर बघत बसले,
जणू कुणाची तरी वाट बघत असावेत.

मी खुर्ची मागे ढकलली.
फरशी गार होती, खडूच्या भुकटीनं भरलेली.
मिग्वो, पापा.

व्रेन्डो, ते म्हणाले, ऊठ.
आणि मी पुरती उठायच्या आतच:
पण एस असा उधळायचा नसतो, पोरी.