अडीच इंची

बाथरूमचं दार दोन महिन्यांपासून खाली बसलंय.
लावताना लादीला घासतं,
तिथे अर्धवर्तुळ उमटलंय, कंपासाने काढावं तसं.
मालक मढवी म्हणाले, "दार काय पलून जानार हाय?"
अकरा महिन्यांच्या करारात बिजागऱ्यांचं कलम नाही.

म्हणून रविवारी, नळाचं पाणी जायच्या आत,
मी स्टुलावर. अप्पा खुर्चीत, हातात टॉर्च.
उजेड चौकटीवर थरथरतो.
मी काही म्हणत नाही.

वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू:
एक नुसताच गरगरतो,
दुसरा चिमटीत निघून आला, दुधाच्या दातासारखा,
तिसऱ्याच्या जागी कुणीतरी खिळा ठोकलाय.
"गाढव," अप्पा म्हणाले.
ठाणे-बेलापूर रोडला एकतीस वर्षं फिटर होते.
कंपनी गेली, जागेवर काचेची इमारत आली,
पण स्क्रूच्या जागी खिळा मारणाऱ्याला अजून माफी नाही.

भोक दाभणाने टोकरलं.
आतून निघाली काडेपेटीची काडी, टोकाला काजळी;
उदबत्तीची काडी, बुडाशी अजून गुलाबी;
कागदाची सुरळी, उलगडली तर अक्षरं मल्याळी असावीत.
माझ्याआधीचे भाडेकरू.
बँकेची पाकिटं येतात अजून, कुणा बिजॉयच्या नावाने,
मी ती फ्रिजवर ठेवते, का ते माहीत नाही.
ज्याने त्याने ह्याच भोकात हाताला लागेल ते कोंबलं
आणि आपापले अकरा महिने काढले.

काल घणसोली नाक्यावर हार्डवेअरवाल्याने विचारलं,
"अडीच इंची? बाथरूमला? एवढं जड दार आहे?"
म्हटलं, आहे थोडं.

दार जड नाही.
पहाटे चारला अप्पा उठतात,
मूठ धरतात, आणि उंबऱ्यावरून पाय पलीकडे जाईपर्यंत
सगळं अंग दारावर सोपवतात.
भिंतीला स्टीलचा दांडा लावू म्हटलं, तर दोन दिवस अबोला.
"दांडा हॉस्पिटलात असतो."
दार चालतं. दार घरातलं.

नव्या काड्या, फेविकॉल.
उदबत्तीची काडी मी परत आत घातली, चांगली होती.
लांब स्क्रू चौकट ओलांडून भिंतीत गेले,
शेवटच्या वेढ्यांना मनगट भरून आलं.

खालची बिजागरी जुन्याच स्क्रूंवर.
"आधी उलटा फिरव," अप्पा म्हणाले.
"उलटा?"
"डावीकडे. हलक्या हाताने. टक् झालं की थांब,
तिथे जुना आटा असतो. मग आवळ."
स्क्रूला ते मळसूत्र म्हणतात, आयटीआयमधल्या मास्तरांचा शब्द.
लहानपणी मला वाटायचं, अप्पा कंपनीत
दिवसभर मंगळसूत्रं पिळतात.

टक्.
मीही ऐकलं, त्यांनीही.

मग ते उठले. दार लावलं, उघडलं. घासलं नाही.
मूठ धरून जरासे रेलले,
वर बघत राहिले स्क्रूंच्या डोक्यांकडे.
"किती लांबीचे घातलेस?"
"दीड इंची."
फिटरला नुसत्या डोक्यावरून लांबी कळते की नाही,
मला ठाऊक नाही.
"हं," म्हणाले.
टॉर्च विझवली,
आणि दारावरचा हात काही लगेच काढला नाही.